सुरतेंत रुळतांना

खानदेशांतील कोरडवाहू शेतीचीं कामें उन्हाळ्यांत थंडावलीं कीं, जळगांव-धुळ्याकडील कित्येक तरुण रोजगारासाठीं सुरतेची वाट धरतात. ही वाट जुनीच आहे. खानदेशांतून वाहणारी तापी सुरतेजवळच समुद्रास मिळते, आणि तिच्या खोऱ्यांतून आगगाडी सुरू झाली ती १९०० च्या सुमारास. १९६० सालीं मुंबई राज्याचें विभाजन होऊन सुरत परप्रांतांत गेली. तरी उधना, लिंबायत या भागांत अहिराणी आजही कानीं पडते.

अहिराणींत गुजराथीचा अंश असल्यानें बोलणें पुष्कळसें समजतें. अडचण येते ती वाचनाची. मजुरीच्या हिशेबाची चिठ्ठी गुजराथींत असली, म्हणजे शिकलेला मनुष्यही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि पैसे बरोबर मिळाले कीं नाहींत, हें त्यास पडताळतां येत नाहीं.

वस्तुतः ही लिपी देवनागरीचीच बहीण होय. तिला शिरोरेखा नाहीं. ग, त, न, म हीं अक्षरें ओळखीचीं, तर क, ख, ज, झ इत्यादि निराळीं. अंक बहुतांशीं सारखेच. निघण्यापूर्वीं आठवडाभर हीं अक्षरें गिरविलीं, तर परक्या शहरांत आपल्या घामाचा हिशेब तरी आपल्यालाच वाचतां येतो.