स्नॅपशॉट नेमका कोणाचा?

व्हीएमवेअरसारखे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवते. त्यांचा डेटा मात्र बहुतेकदा नेटअ‍ॅपसारख्या कंपनीच्या वेगळ्या स्टोरेज यंत्रात असतो. ही दोन्ही क्षेत्रे स्वतंत्रपणे वाढली, मोठ्या कार्यालयांत ती सांभाळणारी माणसेही वेगळी. साहजिकच एकच शब्द दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने रुळला.

सर्वांत जास्त घोटाळा ‘स्नॅपशॉट’चा. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट घेतला की आभासी डिस्कची मूळ फाइल गोठते आणि नंतरचे सगळे बदल शेजारच्या डेल्टा फाइलमध्ये साठू लागतात. ही फाइल फुगत जाते, म्हणून स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, अशी कंपनीचीच शिफारस आहे. तो ‘डिलीट’ केला की डेल्टातले बदल मूळ फाइलमध्ये मिसळावे लागतात, आणि डेल्टा मोठी असेल तर त्यात तासन्‌तास जातात. नेटअ‍ॅपच्या यंत्रात भरलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहिलेच जात नाही. बदल नव्या ब्लॉकमध्ये जातो. स्नॅपशॉट म्हणजे जुने ब्लॉक कुठे आहेत याची जपून ठेवलेली नोंद. तो क्षणात होतो आणि असे शेकडो स्नॅपशॉट बिनघोर ठेवता येतात.

व्याप्तीतला फरक त्याहून महागात पडणारा. व्हीएमवेअरचा स्नॅपशॉट एका आभासी संगणकाचा असतो, स्टोरेजचा अख्ख्या व्हॉल्यूमचा. त्या व्हॉल्यूमवर वीस संगणक असतील आणि एकासाठी तो सरसकट मागे नेला, तर उरलेल्या एकोणीस जणांचे कामही पुसले जाते. मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही या आपल्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरमधल्या स्नॅपशॉटला विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून ‘चेकपॉइंट’ म्हणायला सुरुवात केली. व्हीएमवेअरला हे शहाणपण सुचले नाही.

‘व्हॉल्यूम’चेही तसेच. नेटअ‍ॅपमध्ये व्हॉल्यूम हे मोठे भांडार, त्याच्या पोटात लन (LUN), म्हणजे सर्व्हरला डिस्क म्हणून दिसणारा तुकडा; काही कंपन्यांच्या यंत्रांत मात्र लनलाच व्हॉल्यूम म्हणतात. व्हीएमवेअर या लनवर स्वतःची फाइल सिस्टीम घालते आणि त्याला ‘डेटास्टोअर’ म्हणते. डेटास्टोअर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून देणाऱ्या पद्धतीवर असेल तर लन नसतेच.

थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे कागदावर १०० जीबी देऊन प्रत्यक्षात लागेल तेवढीच जागा वापरणे, दोन्हीकडे चालते. पण लन वापरताना वरच्या थरात फाइल पुसली तरी खालच्या यंत्राला ते आपोआप कळत नाही. त्यासाठी ‘अनमॅप’ आदेश जावा लागतो. म्हणून व्हीएमवेअरच्या पडद्यावर जागा मोकळी आणि स्टोरेजच्या पडद्यावर भरलेली, असे चित्र दिसते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच असतात.

तेव्हा स्नॅपशॉट मागताना तो व्हीएमवेअरचा की स्टोरेजचा, हे लिहूनच मागावे. आणि दोन्हींपैकी कशालाही बॅकअप समजू नये: स्टोरेज यंत्रच निकामी झाले, तर मूळ डेटाबरोबर त्याच यंत्रातले दोन्ही स्नॅपशॉट जातात.