एकच मांजरी, चार नोंदी

पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या दोन तीरांवर दोन मांजरी आहेत, एक बुद्रुक आणि एक खुर्द. कागदोपत्री त्यांचं 'मांजरी बु॥' आणि 'मांजरी खु॥' होतं. नावापुढचे हे दोन दंड कागदावर निरुपद्रवी असतात; डेटा एन्ट्रीत मात्र घोळ घालतात.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो. दुहेरी दंडाचा २४०५. कीबोर्डवर तो सापडला नाही, की कुणी एकेरी दंड (२४०४) दोनदा टाकतं, कुणी इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ (१२४) दोनदा, तर कुणी 'बु.' लिहून मोकळं होतं. वाचणाऱ्याला गाव एकच. संगणक आकडे जुळवून पाहतो. त्याच्या लेखी गावं चार. त्यात उभी रेघ जास्त घातक. पुष्कळ डेटा फाइलींत रकाने तिनेच वेगळे केलेले असतात. पत्त्यात अशा दोन रेघा आल्या, की पिनकोड दोन रकाने पुढे सरकलाच.

काही फरक तर डोळ्यांना दिसतही नाहीत. पुरंदरमधून वाहणारी कऱ्हा घ्या. तिचा जोडाक्षरातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो : 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण एक शोधली तर दुसरी सापडत नाही. अशी पर्यायी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची 'नॉर्मलायझेशन' प्रक्रियाही ही जोडी जुळवत नाही.

साठवणीची तऱ्हा आणखी निराळी. यूटीएफ-८ पद्धतीत 'मांजरी'ची सहा चिन्हं १८ बाइट घेतात. एकट्या 'म'चे तीन : २२४, १६४, १७४. हेच बाइट जुन्या रोमन पद्धतीने वाचले तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटते. ती पुन्हा सुधारता येते, कारण मूळ बाइट शाबूत असतात. पण डेटाबेसने देवनागरी न ओळखून सहा प्रश्नचिन्हं साठवली, तर नाव कायमचं गेलं.

म्हणून गावाचं नाव टंकायला लावूच नये. यादीतून निवडू द्यावं आणि सोबत जनगणनेचा सहा अंकी ग्रामक्रमांक साठवावा. आडनावांना ही सोय नाही. तिथे साठवण्यापूर्वी सफाई हवी, पण क्रम सांभाळून. अदृश्य जोडक सरसकट उडवला, तर 'कऱ्हाडकर'चं 'कर्हाडकर' होतं. आधी 'र' आणि जोडकाच्या जागी 'ऱ' बसवायचा, उरलेली झाडलोट त्यानंतर.