दारातली खरखर

२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि मागोमाग दसरा. बेस मॉडेल घ्यायचं आणि स्पीकर बाहेरून बसवून घ्यायचे, हा हिशेब हिंगोली-वसमतलाही नवा नाही. जुन्या गाडीवालेही याच मोसमात दारातले फाटके स्पीकर बदलतात. मग औंढ्याच्या रस्त्याला लागल्यावर गाण्यात ढोलकी सुरू झाली, की दारातून खरखर. दुकानदार सांगतो, ‘‘चार दिवस वाजू द्या, स्पीकर मोकळा होईल.’’ होत नाही. मग त्याहून महाग स्पीकर येतो, आणि खरखर तीच!

कारण वाजत असतं ते बहुधा दार. गाडीचं दार म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. त्यात काच वर-खाली करणारी यंत्रणा, लॉकच्या सळया, वायरी, पाणी अडवणारी प्लॅस्टिकची शीट आणि वरून क्लिपांवर अडकवलेलं डोअर पॅड. कंपनीच्या हलक्या स्पीकरने यातलं काही फारसं हलत नव्हतं. नवा स्पीकर खालचे सूर जोरात देतो आणि जे जे सैल असेल ते थरथरतं. त्यात पॅड उपटताना एखाददुसरी क्लिप तुटते, शीट फाटते, आणि काम करणारा पोरगा ते तसंच दाबून बसवतो.

आता थोडं आडवळण. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका बदल टिपण्याची तयारी, असं हे यंत्र. ही जागा निवडण्यामागे इथली जमीन शांत आहे, हेही एक कारण होतं. नको असलेला आवाज कुठून येतो, हे शोधण्यात लायगोच्या लोकांइतकं तरबेज कुणी नसेल. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लायगोत २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये विचित्र टकटक उमटू लागली. त्यांनी ना लेझर बदलला ना आरसे. आसपासच्या मायक्रोफोनच्या नोंदी काढल्या, बाहेर जाऊन पाहिलं, तर थंडगार नायट्रोजनच्या पाइपावर जमलेला बर्फ डोमकावळे टोचत होते! पाइपावर बर्फ धरणार नाही अशी व्यवस्था केली आणि विषय मिटला. या मंडळींची आणखी एक रीत मला फार आवडते. ते यंत्राशेजारी मोठे स्पीकर ठेवून मुद्दाम आवाज करतात आणि कुठल्या सुराला काय हलतं ते मोजतात.

हीच रीत दारालाही लागू पडते. मोबाइलवर टोन जनरेटरचं मोफत ॲप घ्या आणि मोबाइल स्टिरिओला जोडा. फेडर-बॅलन्सने एकच दार चालू ठेवा. ३० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवत न्या. खरखर सुरू होईल तिथे थांबा आणि पॅडवर, हँडलजवळ, स्पीकरच्या जाळीवर एकेक करून तळहात दाबा. जिथे दाबल्यावर आवाज बंद पडतो, तिथे दोष. तिथे नवी क्लिप, फोमची पट्टी किंवा वायरीला कापडी टेप लावली की बहुतेक काम होतं. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची रिंग नसेल तर तीही बसवा. तिच्याअभावी हवा फटीतून निसटते आणि बेसही पातळ होतो.

खरखर प्रत्येक सुराला आणि कमी आवाजातही असेल, तर मात्र स्पीकरकडे बघा. स्क्रू एका बाजूने जास्त आवळले की चौकट पिळते आणि आतलं कॉइल घासतं. पत्रा कापताना उडालेला लोखंडी कीस चुंबकाला चिकटला तरी तेच. दार उघडझाप करताना तडतड होत असेल, तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर तुटत आलेली असते. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी असेल, तर दार उघडूच नका. ती बहुधा स्टिरिओ किंवा ॲम्पच्या अर्थिंगची भानगड. आणि स्पीकरची मायनस वायर बॉडीला जोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. आजच्या बहुतेक स्टिरिओंत दोन्ही वायरींवर सुमारे सहा व्होल्ट असतात, आतली आयसी जळू शकते.

खोक्यावरच्या ‘३०० वॉट’वर तर जाऊच नका. गाडीतला साधा स्टिरिओ एका स्पीकरला सलग १५ ते २० वॉटच देतो. त्यापुढे आवाज वाढवला की ऐकू येते ती फाटलेली लहर, आणि ती दुसरा स्पीकर घेऊन सुधारत नाही.

तेव्हा पॅड बसवण्याआधी काच पूर्ण खाली घ्यायला लावा, ती चुंबकाला टेकत नाही ना ते पाहा. तुटलेल्या क्लिपांच्या जागी नव्या मागा. दार चार वेळा आपटा, गाणं मोठ्याने वाजवून ऐका. पैसे त्यानंतर द्या.