गेमिंग पीसीचे पार्ट निवडताय? पैसे भरण्याआधी हे सहा प्रश्न विचारा



मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. "दादा, लिस्ट फायनल केलीय. उद्या पैसे भरतो. फक्त एकदा नजर टाक." तो सांगलीत डिप्लोमा करतो आणि संध्याकाळी एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात काम करतो. दीड वर्षात त्याने ७० हजार रुपये साठवले होते, पहिल्या गेमिंग पीसीसाठी. मॉनिटर त्याच्याकडे आधीच होता. लिस्ट अशी होती:

- प्रोसेसर: एएमडी रायझन ५ ७६००
- मदरबोर्ड: बी५५० चिपसेटचा
- रॅम: डीडीआर५, १६ जीबीची एकच स्टिक
- ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ४०६०, तीन पंख्यांचं
- एसएसडी: १ टीबी एनव्हीएमई
- पॉवर सप्लाय: कॅबिनेटसोबत मिळणारा, ४५० वॅट
- कॅबिनेट: छोटं, काचेचं, आरजीबीवालं

शेवटचे दोन सोडले तर एकेक पार्ट चांगला आहे. पण हे सगळं घरी आणून टेबलवर मांडलं असतं, तर पीसी सुरू होणं लांबच, प्रोसेसर बोर्डवर बसलाच नसता.

मोबाईल घेताना आपण हा विचार कधीच करत नाही. चिप, रॅम, स्टोरेज, बॅटरी हे सगळं कंपनीने आधीच जुळवून दिलेलं असतं. पीसी घरी बनवताना ते जुळवायचं काम आपलं. आणि चूक झाली की भुर्दंडही आपलाच, कारण सील उघडलेला प्रोसेसर परत घ्यायला दुकानदार सहसा तयार नसतात.

म्हणून त्या रात्री मी त्याला जे सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहितोय.

१. प्रोसेसर आणि बोर्डचं सॉकेट एकच आहे का?

सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसण्याची जागा. टाइप-सी चार्जर जुन्या मायक्रो यूएसबी फोनला लागत नाही, तसंच हे. रायझन ५ ७६०० ला एएम५ सॉकेट लागतं. बी५५० बोर्डवर असतं एएम४. दोन्ही एएमडीचेच, पण एकमेकांत बसत नाहीत.

७६०० हवा असेल तर बी६५० सारखा बोर्ड घ्यायचा. बी५५० ठेवायचा असेल तर रायझन ५ ५६०० घ्यायचा. इंटेलमध्येही हाच नियम आहे: १२व्या, १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरना एलजीए १७०० लागतं, १०व्या आणि ११व्याला एलजीए १२००.

नावातला फरकही नीट बघा. रायझन ५ ५५०० आणि ५६०० हे भाऊभाऊ वाटतात, पण ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी आहे आणि ५६०० मध्ये ३२ एमबी. गेममध्ये हा फरक जाणवतो.

२. बोर्डचा बायोस तुमच्या प्रोसेसरला ओळखतो का?

इथे मी स्वतः आपटलोय. २०२१ मध्ये पहिल्या नोकरीच्या पगारातून मी रायझन ५ ५६००एक्स आणि एक बी४५० बोर्ड घेतला. सॉकेट बरोबर, एएम४. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळी. दोन दिवस मला वाटत होतं की प्रोसेसर माझ्याच हातून गेला. घरात सांगायचीही सोय नव्हती, कारण "एवढे पैसे घालू नकोस" हे आईने आधीच सांगून ठेवलं होतं.

कारण साधं होतं. बोर्ड दुकानात जुना पडून होता, त्यातला बायोस नव्या प्रोसेसरला ओळखतच नव्हता. शेवटी एका मित्राकडून जुना रायझन ५ २६०० उसना आणला, तो लावून बायोस अपडेट केला, मग माझा प्रोसेसर लावला. तेव्हा कुठे डिस्प्ले आला.

तुम्ही एवढंच करा: बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. प्रोसेसरच्या नावासमोर कुठलं बायोस व्हर्जन लागतं ते लिहिलेलं असतं. दुकानदाराला बिल करण्याआधी विचारा, "बायोस अपडेट करून देणार का?" काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅक बटण असतं. ते असेल तर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून अपडेट करता येतं.

३. रॅम कुठली, आणि किती स्टिक?

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल. एएम४ वर फक्त डीडीआर४, एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० वर दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, त्यामुळे तिथे बोर्डचं पूर्ण नाव वाचा.

१६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. एका लेनचा रस्ता दोन लेनचा होतो, यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. बोर्डवर चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते बघाच.

४. ग्राफिक्स कार्डला पुरेशी वाट मिळते का?

आरटीएक्स ४०६० पीसीआयई ४.० च्या फक्त ८ लेन वापरतं. बी५५० बोर्डवर ५६०० सोबत त्या पूर्ण वेगाने मिळतात. ए५२० किंवा बी४५० बोर्ड पीसीआयई ३.० वर चालतो, म्हणजे वेग निम्मा. ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसरही ३.० वालेच आहेत. कार्ड चालेल, पण काही गेममध्ये मार बसतो, विशेषतः ८ जीबी मेमरी भरली की.

५. पॉवर सप्लाय झेपेल का?

हिशोब करू. ५६०० प्रोसेसर पूर्ण जोरात साधारण ७६ वॅट घेतो. आरटीएक्स ४०६० घेतं ११५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६० धरा. झाले साधारण २५० वॅट. मग भावाचा प्रश्न आलाच, "दादा, मग ४५० पुरेल की!"

आकडा पुरेल, पण कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या सप्लायवरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. गेम चालू असताना कार्ड क्षणभर जास्त करंट ओढतं, तेव्हा स्वस्त सप्लाय मान टाकतो आणि पीसी बंद पडतो. कधी जाताना बोर्डही सोबत नेतो. या कार्डसाठी एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची आहे. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ असलेला ५५० वॅटचा सप्लाय घ्या. प्रोसेसरची वायर ४+४ पिनची आणि कार्डची ६+२ पिनची असते, त्यांची अदलाबदल करायची नाही. मॉड्युलर सप्लायच्या वायरी दुसऱ्या मॉडेलला कधीच लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतली जोडणी वेगळी असू शकते.

६. कॅबिनेटमध्ये सगळं मावतं का?

तीन मापं बघा. पहिलं, बोर्डचा आकार: मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ मिमी, एटीएक्स ३०५ × २४४ मिमी. दुसरं, ग्राफिक्स कार्डची लांबी. तीन पंख्यांची काही कार्डं ३०० मिमीच्या पुढे जातात. कॅबिनेटच्या माहितीत जास्तीत जास्त लांबी दिलेली असते. पुढे पंखा आतल्या बाजूने लावणार असाल तर त्यातून २५ मिमी वजा करा. तिसरं, कूलरची उंची. ५६०० सोबत बॉक्समध्ये छोटा कूलर येतो, त्यामुळे सुरुवातीला ही चिंता नाही. पुढे टॉवर कूलर घेतलात तर तो १५५-१६० मिमी उंच असू शकतो. आणि समोर नुसती काच नको, जाळी हवी. सांगलीचा एप्रिल-मे आठवा.

मग शेवटी काय घेतलं?

दोन रस्ते होते. एएम५ घेतलं तर पुढे नवा प्रोसेसर टाकता येईल, एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं सांगितलंय. पण बोर्ड आणि रॅम महाग पडल्यामुळे ग्राफिक्स कार्डला हात लावावा लागला असता. तो खेळतो व्हॅलोरंट आणि जीटीए ५. त्याने विचार करून एएम४ निवडलं: ५६००, मायक्रो-एटीएक्स बी५५०, डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, दोन पंख्यांचं आरटीएक्स ४०६०, ५५० वॅटचा चांगला सप्लाय आणि जाळीवालं कॅबिनेट. एसएसडी तीच ठेवली.

रविवारी त्याचा घाबरलेला व्हिडिओ कॉल आला. "दादा, पंखे फिरतायत, डिस्प्ले नाही!" मला माझे २०२१ चे ते दोन दिवस आठवले. म्हटलं, केबल दाखव. एचडीएमआय बोर्डच्या पोर्टमध्ये होती. ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसतात, त्यामुळे केबल ग्राफिक्स कार्डलाच लावावी लागते. केबल बदलली आणि स्क्रीन लागली.

मग बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने, २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून १४४ केला. हे दोन्ही फुकट आहे आणि बरेच जण विसरतात.

तुमचीही लिस्ट तयार असेल तर आज रात्री पैसे भरू नका. हे सहा प्रश्न कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर कंपनीच्या वेबसाइटवरून मिळालेलं उत्तर लिहा. एकाही प्रश्नासमोर "बहुतेक चालेल" असं लिहावं लागलं, तर ते आधी तपासा. अर्धा तास जाईल, पण दीड वर्षाची बचत वाचेल.