संगणकांतील चोराचा माग

आरमोरीच्या आसपासच्या रानांत फिरणारा वनरक्षक वाघ दृष्टीस पडण्याची वाट पाहत बसत नाहीं. पाणवठ्याजवळच्या मऊ मातींत उमटलेला पंजा, चितळाची भेदरलेली हांक, एकाएकीं शांत झालेली झाडी, एवढ्यावरून तो वाघाची वाट ठरवितो. संगणकांत शिरलेल्या चोराचा शोधहि याच रीतीनें करावा लागतो. हा चोर कुलूप फोडीत नाहीं कीं आवाज करीत नाहीं. पण त्याच्या बहुतेक हालचालींची कोठें ना कोठें नोंद होत असते. लक्षावधि नोंदींतून नेमकी ती नोंद वर काढण्याचें साधन म्हणजे क्वेरी.

क्वेरी म्हणजे नोंदींच्या साठ्याला विचारलेला काटेकोर प्रश्न. सर्व माहिती रकाने व ओळी असलेल्या कोष्टकांत मांडावी, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञानें १९७० सालीं मांडली. अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ मध्यें प्रसिद्ध केली. तीच आज एस्‌क्यूएल या नांवानें चालते. तिच्या साध्या वाक्याचे तीन भाग असतात: कोणते रकाने हवेत, कोणत्या कोष्टकांतून हवेत, आणि कोणत्या अटीवर हवेत. शाळेच्या हजेरीपटांतून ‘या महिन्यांत दहा दिवसांहून कमी आलेल्या मुलांचीं नांवें’ काढावींत, तसेंच हें आहे.

या प्रश्नांचें मोल काय, हें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या उदाहरणावरून दिसतें. १९०६ सालीं स्थापन झालेल्या या बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, म्हणजे दुसऱ्या शनिवारीं सुट्टीच्या दिवशीं, घाला पडला. बनावट कार्डांच्या साहाय्यानें अठ्ठावीस देशांतील एटीएम् यंत्रांतून सुमारें १२,००० व्यवहारांत ७८ कोटि रुपये, आणि भारतांत २,८४९ व्यवहारांत अडीच कोटि रुपये कांहीं तासांत काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी १३.९२ कोटि रुपये हाँगकाँगच्या एका बँकेंत वळविण्यांत आले. एकंदर चोरी ९४.४२ कोटींची झाली.

यांतील युक्ति समजून घेण्यासारखी आहे. एटीएम्‌ची मागणी प्रथम ‘स्विच’ नांवाच्या यंत्रणेकडे जाते. ती बँकेच्या मुख्य खातेवहीस विचारते व मग होकार देते. चोरांनीं एक खोटी स्विच उभी केली. ती खातेवहीस न विचारतांच होकार देत राहिली. त्यामुळें ठेवीदारांच्या खात्यांतून एक पैहि वजा झाली नाहीं. खड्डा पडला तो बँकेच्या पैशांत.

आतां येथें कोणता प्रश्न विचारावा? दोन कोष्टकें समोरासमोर धरावींत: एक, कार्ड-कंपनीकडे झालेल्या होकारांचें, दुसरें, बँकेच्या खातेवहीचें. ‘जे व्यवहार पहिल्यांत आहेत व दुसऱ्यांत नाहींत, ते दाखव,’ एवढेंच वाक्य. निरोगी बँकेंत याचें उत्तर जवळजवळ रिकामें यावें. दुसरा प्रश्न असा: ‘एकाच तासांत दोन देशांत वापरलेलें कार्ड कोणतें?’ मनुष्य एका तासांत दोन खंडांत पैसे काढूं शकत नाहीं. मात्र हे प्रश्न सुट्टीच्या दिवशींहि, घडीघडीला आपोआप विचारले गेले पाहिजेत; सोमवारीं विचारलेला प्रश्न शनिवारची चोरी थांबवीत नाहीं.

खुद्द संगणकालाहि असे प्रश्न विचारतां येतात. फेसबुकनें २०१४ सालीं खुलें केलेलें ‘ओएस्‌क्वेरी’ हें साधन यंत्रावर त्या घटकेस चाललेले प्रोग्रॅम कोष्टकाच्या रूपांत दाखवितें. ‘जो प्रोग्रॅम चालूं आहे, पण ज्याची मूळ फाईल डिस्कवर नाहीं, तो कोणता?’ असा प्रश्न तपासनीस नेहमीं विचारतात. कारण चोर पुष्कळदां आपलें हत्यार चालूं करून फाईल पुसून टाकतो.

परंतु उत्तर आलें म्हणजे चोर सांपडला, असें नव्हे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ति बसवितांनाहि जुनी फाईल नाहींशी होते. तेव्हां उत्तर हा संशय समजावा व पुढील चौकशी मनुष्यानें करावी. शिवाय चोर नोंदीच पुसूं शकतो. म्हणून त्यांची प्रत दुसऱ्या, वेगळ्या यंत्रावर असली पाहिजे. सर्ट-इन या सरकारी संस्थेनें एप्रिल २०२२ मध्यें अशा नोंदी १८० दिवस जपण्याचा व घाल्याची खबर सहा तासांच्या आंत देण्याचा आदेश काढला, तो याच हेतूनें.

वैनगंगेकांठच्या लहान गांवांतील शाखा आणि पुण्यामुंबईची मोठी कचेरी आज एकाच जाळ्याला जोडलेली असते; एका टोकाला शिरलेला चोर दुसऱ्या टोकास पोहोंचूं शकतो. म्हणून नोंदी ठेवणें हें अर्धेंच काम होय. त्यांना योग्य प्रश्न वेळेवर विचारणें हें उरलेलें अर्धें. गृहस्थानेंहि आपल्या खात्याच्या नोंदी दरमहा वाचून ‘हा व्यवहार कोणीं केला?’ असें स्वतःला विचारावें. तीहि एक क्वेरीच आहे, आणि तिला संगणक लागत नाहीं.