ऊन खाल्लेलं प्लास्टिक मोडतं का?

गच्चीवर दोन-तीन उन्हाळे पडून राहिलेली बादली कधी उचलून पाहिलीय? कडी हातात येते आणि बादली खालीच राहते! आपण म्हणतो, 'ऊन लागलं.' पण ऊन प्लास्टिकला नेमकं करतं काय?

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. लोकरीच्या गुंत्यासारख्या त्या एकमेकींत अडकलेल्या असतात, म्हणून प्लास्टिक ताणलं तरी लगेच तुटत नाही. उन्हातले अतिनील किरण या साखळ्यांचे दुवे तोडू लागतात. तुटल्या जागी हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि मग एकामागून एक दुवे तुटत जातात. साखळ्या आखूड झाल्या की गुंता सैल पडतो. गंमत म्हणजे आधी जाते ती लवचिकता. ओढल्यावर लांबणारं प्लास्टिक आता लांबतच नाही, थेट मोडतं. वरून दिसतं एवढंच, की रंग उडालाय, बारीक भेगा पडल्यात, हाताला पांढरी पूड लागतेय. आमच्या केडगावात उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, आणि उष्णतेने ही मोडतोड आणखी वेगाने होते.

ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या काही शोभेसाठी नव्हे! त्यांत काजळीसारखी बारीक पूड, म्हणजे कार्बन ब्लॅक, वजनाच्या साधारण २ ते २.५ टक्के मिसळतात. ती अतिनील किरण स्वतःच शोषून घेते, आतपर्यंत जाऊ देत नाही. आपला भाग कमी पावसाचा. नळी किंवा शेततळ्याचा कागद फाटला तर पैसाही जातो अन् पाणीही. म्हणून कागदाचा पाण्याबाहेर उघडा राहणारा काठ आधी तपासावा. हंगाम संपला की नळ्या गुंडाळून सावलीत ठेवाव्यात.

उन्हापेक्षा कितीतरी जोरकस प्रारण म्हणजे गॅमा किरण. मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९७४ मध्ये 'आयसोमेड' प्रकल्प सुरू झाला. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी पॅकबंद वैद्यकीय साहित्य निर्जंतुक होतं. अशा कामासाठी साधारण २५ किलोग्रे मात्रा देतात. त्याने वस्तू किरणोत्सर्गी होत नाही, ही भीती मनातून काढा. पण जंतूंबरोबर सिरिंजच्या पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्याही तुटतात, आणि नंतर कपाटात पडल्या पडल्याही ही तूट चालू राहते. म्हणून त्यात आधीच संरक्षक द्रव्य मिसळावं लागतं.

पॉलिथिनचं मात्र उलटंही होतं. ऑक्सिजन फारसा नसेल, तर शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, जणू गाठी पडतात. मग ते तापलं तरी वितळून वाहत नाही. काही विजेच्या केबलींचं आवरण इलेक्ट्रॉनांचा मारा करून मुद्दाम असं पक्कं करतात. आणि तव्यावर उष्णतेला दाद न देणारं टेफ्लॉन? गॅमापुढे ते फार लवकर ठिसूळ होतं!

वर्गात करून पाहा: दुधाच्या एकाच पिशवीच्या सारख्या रुंदीच्या, एकाच दिशेने कापलेल्या बऱ्याच पट्ट्या घ्या. अर्ध्या कपाटात, अर्ध्या मार्चपासून गच्चीवर. दर पंधरवड्याला दोन्हींकडची एकेक पट्टी ओढून, तुटेपर्यंत किती सेंटिमीटर लांबली ते वहीत लिहा.