परवाना एजंट काढून देत नाही

‘पैसे भरा, लायसन्सचं आम्ही बघतो.’ घरात नर्सिंग झालेली मुलगी असली की सातारा-सांगलीकडे हे वाक्य आज ना उद्या कानावर येतंच. आईबाप त्यावर विश्वास ठेवतात, सोनं गहाण पडतं, पतसंस्थेचं कर्ज निघतं. म्हणून आधी हेच ठणकावून सांगायला हवं: परदेशातला नर्सचा परवाना कोणताही एजंट काढून देऊ शकत नाही. तो त्या देशाची परिषद किंवा सरकारी यंत्रणा देते, आणि त्या मुलीची पात्रता तिथल्या नियमांनुसार तपासूनच देते.

ब्रिटनचं बघा. तिथल्या ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’कडे, म्हणजे एनएमसीकडे, अर्ज उमेदवाराने स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन करायचा असतो. आधी इंग्रजी: आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणाला 7, लेखनाला 6.5; किंवा ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींना बी आणि लेखनाला सी प्लस. मग संगणकावरची सीबीटी, जी भारतातच देता येते. तिच्या पहिल्या भागात औषधांच्या मात्रा वगैरेंची 15 गणितं आणि दुसऱ्यात नर्सिंगचे 100 प्रश्न असतात. इथल्या नोंदणीची खातरजमा एनएमसी परस्पर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून करून घेते. यातली कोणती पायरी एजंट चढणार आहे?

एवढं झालं तरी परवाना हातात आलेला नसतो. ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते. 10 टप्पे असतात, परीक्षक समोर उभा असतो आणि रुग्णाची तपासणी, काळजीचं नियोजन, औषध देणं हे सगळं करून दाखवायचं असतं. बहुतेक मुली व्हिसावर तिथे पोचल्यानंतर ही परीक्षा देतात, आणि ती पास होऊन नाव नोंदवलं जाईपर्यंत त्यांना ‘रजिस्टर्ड नर्स’ म्हणून काम करता येत नाही. म्हणजे व्हिसाचा शिक्का बघून गावात पेढे वाटले जातात, तेव्हा परवान्याची शेवटची परीक्षा अजून बाकीच असते. पुढे मुलगी नापास झाली तर तिला तिथून परत यावं लागू शकतं, हे पैसे घेताना कुणी सांगत नाही.

‘तुमच्या नावावर दुसरं कुणीतरी पेपर देईल’ असंही सुचवणारे भेटतात, पण असले प्रकार लपत नाहीत. नायजेरियातल्या इबादान शहरातल्या एका केंद्रावरचे सीबीटीचे निकाल 2023 मध्ये एनएमसीला संशयास्पद वाटले. तोपर्यंत तिथून पास झालेल्या सुमारे 500 जणांची नावं ब्रिटनच्या नोंदवहीत चढली होती आणि ते नोकरी करत होते. त्या सगळ्यांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगण्यात आलं. खोट्या अनुभवपत्राचीही तीच गत. आखाती देशांसाठी डाटाफ्लो ही कंपनी कागदपत्रं तपासते आणि ज्या हॉस्पिटलचं नाव पत्रावर आहे त्यांनाच थेट विचारते. एकदा खोटेपणा नोंदला गेला की पुढचे सगळे अर्ज अडकतात, आणि पत्र बनवून देणारा तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो.

आता पैशांचं. एनएमसीचं छाननी शुल्क 140 पौंड, सीबीटी 83, ओस्की 794 आणि नोंदणी 153, असे मिळून 1,170 पौंड होतात. रुपयांत सव्वा-दीड लाख. यातला मोठा भाग अनेक ब्रिटिश रुग्णालयं स्वतः भरतात. भाषेचा क्लास लावला तर त्याची फी द्यावीच, शिकवणाऱ्याचा तो हक्क आहे. पण भरतीसाठी उमेदवाराकडून शुल्क घेणं ब्रिटनच्या आरोग्यसेवा भरतीच्या आचारसंहितेला मान्य नाही, आणि भारतीय नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. मग एजंट मागतो ते आठ-दहा लाख नेमके कशाचे, हे विचारायला लाजू नका.

दुसरा गैरसमज जर्मनीचा. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला आणि ‘सरकारच नर्सना थेट नेणार’ अशी हवा झाली. करारामुळे वाट सोपी होऊ शकते, पण परवान्याची अट सुटत नाही. परिचारिका म्हणून मान्यतेसाठी सहसा बी-टू पातळीची जर्मन भाषा लागते. तिथली यंत्रणा तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघते आणि काय कमी पडतं ते लेखी कळवते. ती कमतरता प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढेपर्यंत सहायक म्हणून काम करावं लागतं. ‘तिकडे गेलं की भाषा आपोआप येते’ हे तर बोलूच नका. रात्रपाळीत रुग्ण काय सांगतोय ते कळलं नाही, तर जिवाशी गाठ आहे.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत. जीएनएम चालत नाही, बीएस्सीच हवी? ब्रिटनच्या नोंदणीसाठी जीएनएम चालतं. एएनएमवर रजिस्टर्ड नर्स होता येतं? नाही. अमेरिकेची एनक्लेक्स ही परवाना परीक्षा द्यायला अमेरिकेत जावं लागतं? मुंबईत देता येते. मात्र ती पास झाल्यावरही भारतीयांना ग्रीन कार्डासाठी अनेक वर्षं थांबावं लागतं. एका देशाचा परवाना सगळीकडे चालतो? प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी. आमचं नर्सिंग इंग्रजीतूनच झालंय, मग परीक्षा कशाला? ब्रिटन भारताला इंग्रजी भाषकांचा देश धरत नाही, म्हणून.

आणि जो गैरसमज ऐकून सर्वांत वाईट वाटतं तो हा, की मराठी माध्यमाच्या मुलीला हे झेपणार नाही. परीक्षेत दहावीचं माध्यम कुणी विचारत नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून या भागाला रुग्णसेवेचा वारसा आहे. वॉर्डात तीस-तीस रुग्ण सांभाळणाऱ्या मुलींना इंग्रजी लेखनाचा रोज एक तास सराव नक्कीच जमेल.

ब्रिटनमध्ये परदेशी नर्सची भरती 2024 पासून बरीच आटली आहे, त्यामुळे कर्ज काढण्याआधी दहादा विचार करा. पैसे मागणाऱ्याचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत आहे का ते बघा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. पावती द्यायला जो तयार नसेल, त्याला पैसे देऊ नका.